झाडूवाल्या तबकडीची पहिली बाजू

मित्रांनो, मला हातात घ्यायचं असेल तर कडेला धरा. तळवा अंगाला लावू नका, घामाचे डाग माझ्यावरून जात नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कोरेगावात येऊन मला चाळीसेक वर्षं झाली, पण नवा माणूस आला की अजून मला जेवणाचं ताट उचलल्यासारखंच उचलतो.

मी गाण्याची तबकडी आहे. रंगानं काळी, मधोमध निळा कागद, आणि त्या कागदावरची अक्षरं कधीच पुसली गेलेली. माझं पुठ्ठ्याचं पाकीट वाळवीनं खाल्लं, त्यामुळे माझ्यात कोण वाजवतं आहे हे इथं कुणालाच ठाऊक नाही. ते चौघं आहेत. एकजण पियानो वाजवतो, एकजण माणसाएवढं उभं व्हायोलिन बोटांनी छेडतो, एकजण ट्रम्पेट फुंकतो आणि चौथा ड्रम वाजवतो. परदेशातल्या कुठल्याशा शहरात, एका बंद खोलीत, एका दुपारी ते जमले आणि त्यांनी जे वाजवलं ते माझ्या रेघांत भरलं गेलं. चौथ्याचं स्टूल करकरायचं. बाकीच्यांनी त्याला ते बदलायला सांगितलं, त्यानं बदललं नाही. त्यामुळे ती करकरही माझ्यात आहे.

त्यांच्या वाजवण्याला जॅझ म्हणतात. त्यात सूर आधी ठरलेला असतो, पण पुढं त्याचं काय करायचं हे ज्याचं त्यानं ऐनवेळी ठरवायचं आणि बाकीच्यांनी त्याला सांभाळून घ्यायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण सांभाळून घेणं फार थोड्या माणसांना जमतं.

मला या मुलखात आणलं हवालदार लालासाहेबांनी. ते पलटणीच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचे. त्यांच्या छावणीतल्या साहेबलोकांच्या क्लबातलं जुनं सामान मोडीत निघालं, तेव्हा त्यात मी आणि माझा प्लेअर होतो. लालासाहेबांनी आम्हाला कांबळ्यात गुंडाळून ट्रंकेत भरलं आणि पेन्शनीवर आल्यावर कोरेगावला आणलं. घरात कुणालाच माझी आवड नव्हती. त्यांच्या मंडळींनी तर दुसऱ्याच दिवशी विचारलं, की ह्याच्यात शब्द कवा सुरू होणार.

मग लालासाहेब मला घेऊन बशीरकडे आले. बशीरचा न्यू गुलशन ब्रास बँड. तेव्हा तो विशीतला पोरगा होता, बापाच्या जागी नुकताच साईड ड्रम गळ्यात अडकवलेला. घराच्या भिंतीला लागून त्यांची तालमीची खोली होती. खुंट्यांवर सोनेरी झालरीचे लाल कोट, कोपऱ्यात ढोल, पत्र्याच्या छपराला टांगलेली झांज. त्या खोलीत लालासाहेबांनी माझी दुसरी बाजू लावली आणि बशीरला म्हणाले, "ह्यो गडी काठीनं वाजवत न्हाई. तारांच्या झाडूनं वाजवतो. कान दे."

त्या दिवसापासून माझं नाव झाडूवाली पडलं. मला ते आवडलं नाही, पण मला कुणी विचारलं नाही.

पावसाळा लागला की लग्नं थांबतात आणि बँडवाले रिकामे होतात. त्या दिवसांत या खोलीत ड्रमवाल्यांची बैठक भरू लागली. लालासाहेब आणि बशीर असायचेच, तिसरा यायचा म्हसवडचा कृष्णात, बशीरच्याच बँडमध्ये मोठा ढोल वाजवणारा. ट्रम्पेटवाल्यांना आणि क्लॅरिनेटवाल्यांना आत यायची मनाई होती. ते सूर ऐकतात, ताल ऐकत नाहीत, असं लालासाहेबांचं मत होतं.

बैठकीचा रिवाज मोठा विचित्र होता. प्रत्येकानं माझ्यातली एकच जागा आपली म्हणून निवडायची. त्या जागेवर सुई त्यानंच ठेवायची, दुसऱ्यानं नाही. आणि ती जागा आपल्याला का आवडते ते सगळ्यांपुढे सांगायचं. एकदा सांगितलं की जागा त्याची.

लालासाहेबांची जागा माझ्या दुसऱ्या बाजूच्या शेवटाला होती. तिथं ट्रम्पेट थोडंसं वाजून थांबतं, मग ड्रम तेवढंच वाजून थांबतो, पुन्हा ट्रम्पेट, पुन्हा ड्रम. ते म्हणायचे, "पहाऱ्यावरचा शिपाई अंधारात इचारतोय, कोण हाय. आन ह्यो दरवेळी खरं उत्तर देतोय. आमच्यापैकी लय जणांनी घाबरून चुकीचं उत्तर दिलंय." एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत बसायचे. पुढचं कुणी विचारत नसे.

कृष्णातची जागा त्याच्या थोडी आधी. तिथं ड्रमर एक ठोका मुद्दाम उशिरा टाकतो. कृष्णात दरवेळी हसायचा. "जिन्याची पायरी चुकल्यागत वाटतंय बगा. आता पडतोय म्हणताना पाय टेकतो. म्या ढोलावर लय डाव करून बगितलं, पर माझा ठोका नुसताच उशिरा पडतो."

आणि बशीरची जागा दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला, जिथं झाडू कातड्यावर नुसता गोल गोल फिरतो. त्याचं कारण त्यानं पहिल्या वर्षी सांगितलं ते मी विसरणार नाही. "माझी आई तांदूळ पाखडायची. सुपाचा आवाज आसाच यायचा. ती गेली तवा मी वरातीत हुतो, सुपारी घेतलेली. हितं सुई टेकवली की ती आतल्या खोलीत हाय आसं वाटतंय."

तर असे हे तिघे. मला त्यांचा अभिमान होता आणि रागही यायचा. राग एवढ्याचसाठी, की इतक्या वर्षांत त्यांनी मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही ऐकलं नाही. सुई टेकवायची, आपली जागा ऐकायची, वाहवा करायची आणि सुई उचलायची. माझ्या पहिल्या बाजूला तर ते बिनकामाची बाजू म्हणत, कारण तिच्यावर ड्रमचं काम थोडं आहे. ती बाजू खाली, प्लेअरच्या रबरावर पडून राहायची. चार माणसांनी अख्खी दुपार खपून जे केलं त्यातलं अर्धंअधिक कुणी ऐकूही नये, हे मला लागायचं.

बशीरला एक अजिबातच वेगळी विद्या होती. जुना ड्रम विकत घ्यायला गेला की तो वाजवून बघायचा नाही. आधी कातडं उजेडात तिरकं धरायचा. जिथं रोज काठी पडते तिथं कातडं करडं पडलेलं असतं. तेवढं बघून तो सांगायचा, की आधीचा वाजवणारा डावरा होता, किंवा घाईचा होता, किंवा त्याचा खांदा दुखत होता. तेव्हा मला ती गंमत वाटायची.

बशीर आणि त्याची बायको शाहजादी यांना उशिरा मुलगा झाला, अजीम. तो या खोलीतच रांगला. दहा वर्षांचा झाल्यावर बापाबरोबर वरातीत चालू लागला. मी काही कधी वरातीत गेले नाही, मला जे कळलं ते या खोलीतल्या बोलण्यातून. बँडचा एक नियम होता. वाटेत मयत झालेलं घर आलं की वाजवणं बंद. घरापुढून सगळ्यांनी मुकाट चालायचं, आणि ते घर मागं पडलं की पुन्हा एकदम सुरू व्हायचं. कुणी मोजून घेत नसे, तरी सगळे एका ठोक्यावर उठायचे.

अजीमनं एकदा बापाला विचारलं, "अब्बा, त्या घरापुढनं जाताना तुमी काय वाजवता?"

"काय न्हाई. बंद आसतंय की."

"न्हाई. तुमी नखानं ड्रमच्या काठावर टिचक्या मारता. मला ऐकू येतं. तुमचा श्वास बी येतो."

बशीर हसला. म्हणाला, "पावलं चुकू नयेत म्हणून रं. ते कुणाला ऐकू जायचं नसतंय."

लालासाहेब गेले तेव्हा बैठकीत पहिल्यांदा प्रश्न आला, की मेलेल्या माणसाच्या जागेचं काय करायचं. त्यांच्या तेराव्याला बशीर आणि कृष्णात या खोलीत आले. बशीरनं हवालदारांच्या जागेवर सुई ठेवली, एकदाच. ट्रम्पेटनं विचारलं, ड्रमनं उत्तर दिलं. मग कृष्णात म्हणाला, "आता हितं कुणी सुई ठेवायची न्हाई. चालत चालत गेली तर जाऊ द्यायची, पर ठेवायची न्हाई." तेव्हापासून तो नियम झाला. त्याला ते जागा मिटवणं म्हणत.

त्यानंतर माझे वाईट दिवस आले, आणि माझ्याआधी बँडचे आले. लोकांना लग्नाला डॉल्बी पाहिजे झाला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भिंतीएवढे स्पीकर, त्यावर दिवे, आणि आवाज असा की या बंद खोलीतही टांगलेली झांज आपोआप थरथरायची. न्यू गुलशनला बोलावणं येईनासं झालं. ट्रम्पेटवाला रिक्षा चालवू लागला, क्लॅरिनेटवाल्यानं अंड्यांची गाडी टाकली. लाल कोटांना कसर लागली.

अजीम सत्तावीस वर्षांचा झाला तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. बँडवाल्याच्या पोराला मुलगी देणार कोण. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वराती वाजवलेल्या घरातून स्वतःची वरात निघेना, हे शाहजादी भिंतीपलीकडे कधी कधी बोलून दाखवायची. शेवटी अजीम कवठे महांकाळकडच्या एका डॉल्बीवर कामाला लागला. स्पीकर चढवायचे, तारा जोडायच्या, वर उभं राहून दिवे फिरवायचे.

पण दुपारी तो घरी असला आणि बशीर झोपलेला असला की माझ्याकडे यायचा. दार लोटून घ्यायचा. आणि मित्रांनो, मला उलटी करायचा. माझी पहिली बाजू लावणारा तो या घरातला एकटाच. हे मी कुणाला सांगू शकत नव्हते, म्हणून आता तुम्हाला सांगते आहे.

पहिल्या बाजूवर तिसरा तुकडा संथ आहे. त्याच्या मध्यावर ट्रम्पेटचं संपतं आणि ड्रमर हात थांबवतो. झाडू उचलून धरतो. पियानो आणि ते उभं व्हायोलिन दबक्या आवाजात पुढं जात राहतात. ड्रमर काहीच वाजवत नाही. फक्त त्याचं स्टूल एकदा करकरतं आणि श्वास ऐकू येतो. बराच वेळ असं चालतं. मग झांजेवर झाडूचा एक हलका स्पर्श, आणि चौघंही एकदम एका ठोक्यावर येतात. अजीम सुई तिथं ठेवायचा, ड्रमर परत आला की उचलायचा, आणि पुन्हा तिथंच ठेवायचा. ऐकताना तो नखानं प्लेअरच्या लाकडावर टिचक्या मारायचा.

त्याची जागा ठरली होती. त्या पावसाळ्यात बैठक बसली तेव्हा तो दारात आला. बशीर आणि कृष्णात चहा पीत होते.

"अब्बा, माझी जागा सांगू का आज?" तो म्हणाला.

कृष्णातला आनंद झाला. "सांग की गड्या. किती वर्सं वाट बगतोय."

बशीरनं चहाचा कप खाली ठेवला. "ज्या हातानं डॉल्बी वाजतो त्या हातानं हितं सुई टेकायची न्हाई," तो म्हणाला. "बँड बुडवणाऱ्याची जागा ह्या तबकडीत न्हाई."

"बशीरभाई, पोरगं हाय," कृष्णात म्हणाला.

बशीरनं कप पुन्हा उचलला. अजीम थोडा वेळ दारात उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "बरं अब्बा," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी सांगतो."

तो गेल्यावर बशीरनं मला लाल कोटांच्या ट्रंकेत ठेवलं आणि कुलूप घातलं. किल्ली स्वतःच्या खिशात. मी अंधारात, डांबरगोळ्यांच्या वासात पडून राहिले. पावसाळा संपला, लग्नं सुरू झाली आणि दूर रस्त्यावरून डॉल्बी जाऊ लागले. ट्रंकेचा पत्रा त्या आवाजानं हादरायचा.

एका सकाळी भिंतीपलीकडे शाहजादीचं रडणं सुरू झालं आणि ते थांबलं नाही. काय झालं ते मला नंतर कळलं. खोलीत कृष्णात कुणाला तरी सांगत होता. कवठे महांकाळकडच्या एका गावात वरात होती. ट्रॉली गल्लीत वळताना वर विजेची तार लोंबत होती. अजीम स्पीकरांच्या भिंतीवर उभा राहून दिवा फिरवत होता. तार त्याच्या पाठीमागं होती. लोकांनी पाहिलं, लोक ओरडले. त्याला ऐकू गेलं नाही. ट्रॅक्टर चालवणाऱ्यालाही ऐकू गेलं नाही. अजीम पडला तरी डॉल्बी वाजतच होता, बंद करणारा वरच पडला होता.

घरात चाळिसावा झाला. कुराण पढून झालं, जेवणं झाली, पाहुणे पांगले. ऊन अजून होतं. तेव्हा खोलीचं दार उघडलं आणि ट्रंकेचं कुलूप निघालं. बशीरनं मला बाहेर काढलं. कडेला धरून. त्याचे हात मी चाळीस वर्षं ओळखते, पण त्या दिवशी ते मला म्हाताऱ्याचे वाटले.

कृष्णात आला होता. त्याच्याबरोबर एक बाई होती, सत्तरीची, डोक्यावर पदर. कृष्णातनं सांगितलं, "ह्या धोंडुबाई. त्या गल्लीत ऱ्हात्यात. भेटायचं म्हणून मागं लागल्या, म्हणून आणलं."

धोंडुबाई दाराजवळच बसली. "दादा, म्या गच्चीवर हुते," ती बशीरला म्हणाली. "तार दिसली मला. म्या लय वरडले. दोनी हात हालवले. पोरानं माज्याकडं बगितलं, पर त्येला ऐकू न्हाई आलं. त्येला वाटलं म्हातारी नाचतीया. हसला आन त्येनं बी हात हालवला."

 धोंडुबाईनं पदर तोंडाला लावला. तेवढं सांगण्यासाठीच ती एवढ्या लांब आली होती, आणि सांगूनही तिचं ओझं कमी झालेलं दिसत नव्हतं.

इतक्यात शाहजादी आली. तिनं प्लेअर पाहिला आणि तिचा संताप झाला. "आज चाळिसावा हाय. घरात कुराण पढलं गेलं आन तुमी बाजा लावायला निगाला? कुणाची जागा आन कसली जागा. त्यो सांगाय आलता तवा तुमी हाकलला त्येला."

"व्हय," बशीर म्हणाला. "म्याच हाकलला. त्येची जागा मिटवायची हाय, आन ती कुठली ते मला ठाव न्हाई."

मित्रांनो, मी तिथंच होते. मला ठाऊक होतं. माझ्या सगळ्या रेघांत इतका आवाज भरलेला आहे, पण स्वतःचा एक शब्द मला काढता येत नाही. त्या दिवसाइतकं ते मला कधी जाचलं नाही.

त्यांनी दुसरी बाजू लावली. ड्रमवाल्याची जागा म्हणजे ड्रम जिथं जोरात असेल तिथं, असंच दोघांना वाटत होतं. कृष्णात म्हणाला, की पोरगं तरणं होतं, त्याला वेगाची जागा आवडत असणार. त्यांनी वेगाची जागा लावली. मग दुसरी लावली. दरवेळी एकमेकांकडे बघायचे आणि मान हलवायचे. त्यांच्या चेहऱ्यावरची ती आशा मला बघवेना.

शेवटी बशीरनं सुई उचलली, मला हातात घेतलं आणि खिडकीपाशी गेला. जुन्या ड्रमचं कातडं धरायचा तसं त्यानं मला उजेडात तिरकं धरलं. माझ्यावरही सुई जिथं पुन्हा पुन्हा पडते तिथली रेघ करडी पडते. त्यानं बोट न लावता दाखवलं. "ही माझी. ही तुझी, कृष्णात. ही हवालदारांची." मग त्यानं मला फिरवून फिरवून पाहिलं. चौथा पट्टा नव्हता. "त्येची न्हाईच," तो म्हणाला. "मी म्हणालो हुतो न्हवं, ह्या तबकडीत त्येची जागा न्हाई. खरं झालं."

तो खाली बसला. साठी उलटलेला माणूस, लहान मुलासारखी मांडी घालून बसला आणि रडू लागला.

शाहजादी अजून दारातच होती. राग तिचा गेला नव्हता, पण ती म्हणाली, "उलटी करून बगितली का?"

"तिकडं काय न्हाई गं. बिनकामाची बाजू हाय ती."

"दुपारी त्यो हितं बसायचा. मी भिंतीपलीकडं भाकरी करत आसायची. पर ढोल कवाच ऐकू आला न्हाई मला. मला वाटायचं, पोरगं झोपलंय."

बशीरनं मला उलटं केलं आणि पुन्हा उजेडात धरलं. पहिली बाजू काळीभोर, कोरी, जशी कारखान्यातून आली तशी. आणि तिसऱ्या तुकड्याच्या मध्यावर बोटाच्या नखाएवढा एक करडा पट्टा. तो इतका करडा होता की बाकीच्या तिघांच्या जागा त्यापुढे नव्या वाटाव्यात.

त्यानं सुई तिथं ठेवली. ट्रम्पेट संपलं आणि ड्रमर थांबला. कृष्णात पुढं झुकला, त्याला वाटलं सुई बिघडली. "हितं तर ड्रमच न्हाई," तो म्हणाला. बशीरनं हात वर करून त्याला गप्प केलं. पियानो दबक्या पावलांनी चालत राहिला. स्टूल करकरलं. श्वास आला. आणि बशीरचा अंगठा आपोआप हलला, नखाची टिचकी प्लेअरच्या लाकडावर पडू लागली. मग झांजेला झाडू लागला आणि चौघं एकदम आत आले.

बशीरनं सुई उचलली.  मग कृष्णातला म्हणाला, "मयताच्या घरापुढनं जाताना मी टिचक्या मारायचो, तवा ह्येला माझा श्वास ऐकू यायचा. त्येनं मला सांगितलं हुतं. ल्हान हुता. मी हसलो."

धोंडुबाई दाराजवळून म्हणाली, "आसं एवढं जरी थांबलं आसतं त्या दिशी, तर माजं त्येला ऐकू गेलं आसतं."

 शाहजादी आत आली आणि त्या बाईजवळ बसली. तिनं तिचा हात धरला.

जागा मिटली. नियमाप्रमाणे आता तिथं कुणीही सुई ठेवायची नव्हती. कृष्णात मला ट्रंकेत ठेवायला पुढं आला, पण बशीर म्हणाला, "चालत चालत गेली तर जाऊ द्यायची, आसं तूच म्हणाला हुतास न्हवं?" आणि त्यानं सुई उचलून माझ्या अगदी कडेला ठेवली, जिथून मी सुरू होते.

मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणी सुरुवातीपासून ऐकलं. मोठा ढोल वाजवणारा कृष्णात, भाकरीच्या हातांची शाहजादी, गच्चीवरची धोंडुबाई आणि बशीर. पहिला तुकडा संपला, दुसरा संपला, कुणी सुई उचलली नाही. तिसरा सुरू झाला. ती जागा जवळ येऊ लागली तसं शाहजादीनं डोळे मिटले. हेच तर मी मागत आले होते. ते असं मिळायला नको होतं. मी पुन्हा ट्रंकेत, अंधारात आयुष्यभर पडून राहायला तयार आहे, पण ते पोरगं दारात उभं राहून म्हणू दे, की अब्बा, माझी जागा सांगू का.

आता बशीर मला अधूनमधून लावतो, नेहमी सुरुवातीपासून. तो करडा पट्टा दरवेळी थोडा आणखी झिजतो. स्टुलाची करकर आता जेमतेम ऐकू येते, श्वास तर खरखरीत मिसळून गेला आहे. काही वर्षांनी तिथं नुसती खरखर उरेल. माझ्याकडे त्यावर इलाज नाही आणि बशीरकडेही नाही. त्याला ते ठाऊक आहे, तरी तो लावतो.

तुमच्या घरातही अशी माणसं असतील, जी काहीतरी सांगायला दारात येऊन उभी राहतात. त्यांना पुढच्या वर्षावर ढकलू नका. गाणी वाजवा, खुशाल वाजवा, पण गच्चीवरून कुणी ओरडलं तर ऐकू येईल एवढाच आवाज ठेवा. आणि कधी कोरेगावला आलात तर न्यू गुलशनचं दार वाजवा. बशीर तुम्हाला सतरंजीवर बसवेल. मला कडेला धरा म्हणून मी सांगितलंच आहे. तिसरा तुकडा मध्यावर आला आणि ड्रम थांबला, की सुई बिघडली का म्हणून विचारू नका. त्या वेळी या खोलीत कुणी बोलत नाही.